मॅडमचं गाढवाचं शेपूट

गिरिजा माने माणदेशातली. टँकर आल्याची हाक आली की पोरं शाळा अर्धी टाकून कळशा घेऊन धावायची, अशा गावात ती वाढली. त्यामुळे दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये नळ फिरवला की पाणी येतं, याचं अप्रूप चार वर्षं झाली तरी सरलं नव्हतं. माया करायची म्हणजे पाणी द्यायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. कुरियरवाल्याला पाणी, भाजीवाल्याला पाणी, आणि बाल्कनीतल्या तुळस-मोगऱ्याला तर दोन वेळा अंघोळच. खालच्या मजल्यावरच्या भाभी वर बघून ओरडायच्या, "गिरिजा, बारिश हो रही है क्या?"

नवरा युवराज हवालदार, मुलगी शिवांगी सहावीत. गिरिजा घरी ब्लाउज शिवायची. शिलाईच्या निमित्ताने तिची देविका मॅडमशी ओळख झाली. मेजरसाहेबांच्या या पत्नी मूळच्या पुण्याच्या. माप देता देता मराठीत मनसोक्त बोलता येतं म्हणून त्या जरुरीपेक्षा दोन ब्लाउज जास्तच शिवून घेत.

फेब्रुवारीच्या अखेरीला मॅडमच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. साहेबही बाहेरगावी होते. पुण्याला निघण्याआधी मॅडम एक टांगती कुंडी छातीशी धरून गिरिजाच्या दारात आल्या.

"गिरिजाताई, सहा आठवडे सांभाळाल? हिला बरोज टेल म्हणतात. गाढवाचं शेपूट! आठ वर्षं वाढवलंय मी."

कुंडीतून हात-हातभर लांबीची सात शेपटं लोंबत होती. फुगीर, निळसर हिरवी पानं एकमेकांना खेटून बसलेली, जशी कुणी चिकाटीने वेणी घातली असावी. गिरिजाला ते बघताक्षणी आवडलं.

"पाणी बेतानं द्या हं," मॅडम जिन्यावरून म्हणाल्या.

गिरिजाच्या बेताने ते रोज एक तांब्या झालं.

पहिले दहा दिवस शेपूट खूश दिसलं. पानं टरटरून फुगली, काचेसारखी चमकायला लागली. "बघा, कसं बाळसं धरलंय!" ती युवराजला म्हणाली. बाळसं नव्हतं ते, पोटात पाणी झालं होतं. पण ते तिला कळणार कसं?

मग होळी आली. सकाळपासून खाली मैदानात रंगांचे फुगे फुटत होते. एक फुगा बाल्कनीच्या कठड्यावर फुटला आणि गिरिजा धावत बाहेर आली. मॅडमचं शेपूट रंगलं तर? तिने हुकावरून कुंडी काढली आणि घाईघाईने आत निघाली. दाराच्या चौकटीला शेपटं नुसती घासली. टपटप, टपटप, पावसासारखी पानं गळाली. तिने घाबरून कुंडी खाली ठेवली, त्या धक्क्याने उरलेलीही गळाली. कुंडीत सात उघड्या काड्या राहिल्या आणि फरशीवर हिरवा सडा.

गुलालाने माखलेला युवराज आत आला आणि जागीच थबकला.

"हे काय?"

"मॅडमचं शेपूट," गिरिजा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"अगं, साहेबांना आता काय सांगू? माझ्या बायकोने तुमचं गाढवाचं शेपूट..." वाक्य पुरं होईना. मग त्याने उपाय काढला. "चल, नर्सरीतून दुसरं आणू. त्याच कुंडीत लावू. कोणाला कळतंय?"

"आठ वर्षांचं शेपूट नर्सरीत मिळतं होय? आणि मिळालं तरी मी खोटं नाही बोलणार. त्यांनी विश्वासाने दिलंय."

युवराज गुलाल धुवायला गेला. गिरिजा सुपात पानं गोळा करत बसली. टाकवेना. एक पान तिने चिमटीत धरलं. कसं गुबगुबीत! आणि एकाएकी तिला शाळेतली पानफुटी आठवली. पुस्तकात पान दडवून ठेवायचं, नि आठवड्याने बघायचं तर कडेकडेने इवली रोपं! ना माती, ना पाणी. स्वतःच्या पोटातल्या पाण्यावर जगणारं पान ते. हेही त्याच जातीचं असलं तर?

तिने काड्या उपसून पाहिल्या. मुळं कुजून काळी पडली होती. सडका भाग कापून तिने काड्या चार दिवस सावलीत सुकवल्या. शेजारच्या बांधकामावरून वाळू मागून आणली, तिच्यात मूठभर शेणखत मिसळलं आणि काड्या पुन्हा कुंडीत रोवल्या. मिठाईचे खोके, जुनी परात, थर्माकोलचं झाकण, जे सापडेल त्यात वाळू पसरली आणि वर एकेक पान आडवं ठेवलं, पुरलं नाही. हे सगळं तिला सोपं गेलं. अवघड पुढचं होतं. पाणी द्यायचं नाही!

ती दिवसातून दहादा तांब्या घेऊन बाल्कनीत जायची. शिवांगी अभ्यास सोडून आडवी यायची.

"आई, हात मागे!"

"एक थेंब देते गं."

"बिल्कुल नाही!"

शेवटी शिवांगीने तांब्याच दप्तरात लपवला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती किंचाळली, "आई, ये देख, कुछ निकला!"

पानाच्या देठापाशी केसासारखं गुलाबी मूळ, आणि त्याला चिकटून मोहरीएवढा हिरवा ठिपका.

"कोंब आला!" गिरिजा म्हणाली.

"कोंब मतलब?"

"हाच. बघून ठेव."

मग कुठे तिने फवाऱ्याने वाळू जराशी भिजवली. एप्रिलच्या मध्याला मॅडम परतल्या तेव्हा खोक्यांमध्ये शंभरावर कोंब होते आणि काड्यांना बुडाशी हिरवे फुटवे आले होते. गिरिजा कुंडी आणि एक खोका घेऊन त्यांच्या घरी गेली. चहा यायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं, रोजच्या तांब्यासकट.

मॅडम त्या काड्यांकडे बघतच राहिल्या. चेहरा उतरला. "आठ वर्षं..." एवढंच म्हणून त्या आत गेल्या. गिरिजा खुर्चीच्या काठावर बसून राहिली. उठून जावं की थांबावं, ते तिला कळेना.

मॅडम चष्मा लावून आल्या. खोक्यावर वाकल्या.

"हे सगळे त्याचेच?"

"हो. आणखी पाच खोके आहेत घरी."

"मी दर वर्षी गळलेली पानं मातीत पुरून बघते. सगळी कुजतात. तुम्ही काय केलंत?"

"काहीच नाही, मॅडम. तेच अवघड होतं."

मॅडमना हसू फुटलं, आणि मग ते थांबेना. कुंडीवरचा हात मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी बायकांच्या वेल्फेअर मीटिंगमध्ये गिरिजाला उभं केलं. समोर चाळीस जणी. हिंदी आठवत नव्हती. तिने खोका वर धरला आणि म्हणाली, "इससे प्यार है तो हाथ पीछे बाँधो। गमला उठाके देखो, हल्का लगे तभी पानी दो।" हॉल हसला. निघताना प्रत्येकीच्या रुमालात दोन-दोन पानं होती.

त्याला आता तीन वर्षं होतील. क्वार्टरच्या लाईनीतल्या कित्येक बाल्कन्यांत बोटभर, वीतभर शेपटं लोंबताहेत. मे-जूनच्या लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, ती सावलीत सरकवायची आणि पावसाळ्यात पत्र्याखाली घ्यायची, हे गिरिजा जिन्यावरून ओरडून सगळ्यांना सांगते. भाभींनी तिचं नाव 'पूँछवाली' पाडलंय. मेजरसाहेबांची बदली सिकंदराबादला झाली. मॅडमचं शेपूट तिथे पुन्हा हातभर झालंय, फोटो येत असतात.

गेल्या आठवड्यात युवराजचीही बदली आली. जोधपूर. सामान किती, शिवांगीची शाळा कुठली, ट्रक कधी, असं तो एकटाच बोलत होता.

"अहो," बाल्कनीतल्या आपल्या शेपटांकडे बघत गिरिजाने विचारलं, "तिथल्या क्वार्टरची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे हो?"