तिसरी साक्षीदार

लग्नाच्या मांडवात नवरीच्या कानाशी लागून ती एकच प्रश्न विचारायची. "कागद काढला का वं?"

मागे आहेर देणाऱ्यांची रांग खोळंबलेली, फोटोवाला "काकू, इकडे पाहा" म्हणतोय, आणि ही नवरीचा हात धरून उभी. नवरी गोंधळायची, कसला कागद? "लग्नाचा. नोंदणीचा. लवकर काढून घेजो, मंग राहून जाते." एवढं सांगून ती निवांत जेवायला जायची. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. शहराला लागून असलेल्या वाडी गावातल्या आमच्या गल्लीत सगळे तिला हसत. मीही हसले असते, पण तिच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हा माझे दिवस हसण्याचे नव्हते.

मी काटोलची. वडिलांचा संत्र्याचा व्यापार. ज्याच्याशी मी लग्न केलं तो प्रशांत वाडीला एका गोदामात सुपरवायझर होता आणि आमच्या जातीचा नव्हता. त्याच्या दोन मित्रांसमोर एका देवळात गुरुजींनी लग्न लावलं. चौथ्या दिवशी माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा फोन आला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "वाडीतच आहेस ना? ठीक आहे." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी खिडकी उघडली नाही. दादाची गाडी पांढरी होती; तशी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली की मी दाराची कडी पुन्हा तपासायचे. प्रशांत कामावर गेला की मी पंखासुद्धा बंद करून बसायचे, बाहेरचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. उकाड्याने जीव जायचा.

घरमालकीण हे सगळं पाहत होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती काही धीर देणाऱ्यातली नव्हती. माझ्याहून भित्री होती. पोस्टमनने हाक मारली तरी आधी पडद्याआडून पाहायची. बँकेत जायचं असलं की सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. एकदा मेथी निवडता निवडता तिने कारण सांगितलं. नवरा ट्रक चालवायचा. तो अपघातात गेला तेव्हा रायपूरकडून दुसरी एक बाई आली. तिच्याजवळ लग्नाच्या नोंदणीचा दाखला होता. हिच्याजवळ काहीच नव्हतं. भरपाई देणाऱ्या ऑफिसातल्या साहेबाने हिला विचारलं, तुम्ही कोण?

"तेवीस वर्षं त्याच्या घरात होती मी," मावशी म्हणाली. "आन् तो मले विचारते, तुम्ही कोण. माह्या तोंडून शब्द नाही निघाला वं. तशीच उठून आली." मग वडिलांनी दिलेलं हे वाडीचं घर, आणि त्यात ती एकटी.

दादाने मी हरवल्याची तक्रार दिली होती. आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला, मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने आले. तिथल्या बाईंनी सांगितलं, दाखला काढून ठेवा, पुढे बरं पडेल. मग फॉर्म आणला. गुरुजींची सही झाली. पत्रिका छापलेलीच नव्हती, तर त्याचं प्रतिज्ञापत्र केलं. तीन साक्षीदार लागत होते. दोन प्रशांतचे मित्र, तिसरी माझी कॉलेजची मैत्रीण. आदल्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला: "मला जमणार नाही. तुझा दादा घरी येऊन गेला. मी सांगून टाकलं, सॉरी."

म्हणजे दिवस आणि ठिकाण, दोन्ही त्याला कळलं होतं.

मी फोन हातात धरून दारात उभी होते. मावशी दोरीवरचे कपडे काढत होती. तिने विचारलं, मी सांगितलं. बराच वेळ ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी चालीन का?"

दुसऱ्या दिवशी ऑटोत ती आधार कार्डाची प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती. माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता.

नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर दादा उभा होता. सोबत दोन माणसं. प्रशांत पुढे झाला तर दादाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाला, "चाल घरी. आईले भरती केलं. तुह्या नावाचा जप लावला तिनं. भेटून घे, मंग कर काय करायचं ते."

महिनाभर आईचा मोबाईल लागत नव्हता. तो दादाने काढून घेतला असेल असं वाटायचं, पण आता वाटलं, ती खरंच आजारी असेल तर? मी एक पायरी उतरले. प्रशांत म्हणाला, "मीही येतो." दादा म्हणाला, "तू नाही."

तेव्हा मावशीने माझं मनगट धरलं. "बाबू," ती दादाला म्हणाली, आणि आवाज एवढा बारीक होता की त्याला वाकून ऐकावं लागलं, "कोन्त्या दवाखान्यात आहे आई?"

"तुम्हाले काय करायचं?"

"शेजारी कोनी असन तिच्या. फोन लावू."

दादाने सोबतच्या माणसांकडे पाहिलं. मावशीने ब्लाऊजमधून तिचा बटणांचा फोन काढून माझ्या हातात दिला. घरच्या लँडलाइनचा नंबर मला पाठ होता, पण माझा नंबर दिसला की तिथे कुणी उचलत नसे. अनोळखी नंबर पाहून घरात कुणीतरी उचललं. आईच होती. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"आई, बरी आहेस ना?"

तिने माझा आवाज ओळखला. मग ती अगदी हळू म्हणाली, "माही तब्येत बरी आहे. इकडे येऊ नको, बाई." आणि ठेवून दिला.

आम्ही आत गेलो. दादाने अडवलं नाही. कार्यालयातली माणसं दारातून आमच्याकडे पाहत होती. मावशीची सही चौकटीच्या बाहेर गेली. कारकून म्हणाला, "असू द्या." बाहेर पडताना दादा तिच्या अगदी जवळ आला आणि म्हणाला, "घर पाह्यलं आहे तुमचं."

मावशीला त्या दिवसापासून ताप भरला. आठ दिवसांनी प्रशांतने दाखला आणला, तो मी तिला दाखवला. तिने हात लावला नाही, नुसती मान हलवली. दोनदा गल्लीत पांढरी गाडी येऊन गेली. तिसऱ्यांदा आली त्या संध्याकाळी मावशी आमच्या दारात आली.

"खोली खाली करा," ती म्हणाली. "माह्याच्यानं आता होत नाही."

मला राग आला. तोंडावर दाखवला नाही, पण आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सक्करदऱ्याला, प्रशांतच्या ओळखीने खोली मिळाली. सामान बांधताना मी पत्ता लिहून दिला, तर तिने हात मागे घेतला. "नको सांगू. तो विचारन, आन् मी भित्री बाई, सांगून देईन. मले माहीतच नसलं त काय सांगीन?"

दीड वर्षाने, आईने लपून मला भेटायला सुरुवात केल्यावर, मी माझ्या तान्ह्या मुलीला घेऊन वाडीला गेले. मावशीच्या घरात दुसरे लोक होते. समोरच्या काकूंनी सांगितलं की ती घर विकून बहिणीकडे गेली, गाव त्यांना ठाऊक नव्हतं. "तुहा भाऊ आलता ना दोनदा," त्या म्हणाल्या. "हिच्या वट्ट्यावर बसून राहे. ही चहा करून देई, आन् म्हने, मले माहीत नाही. कप असा वाजे बशीत की आमच्या घरी ऐकू ये."

मी तिला शेवटचं पाहिलं ते आमचा छोटा टेम्पो निघाला तेव्हा. मी मागे गादीवर बसले होते आणि ती फाटकात उभी होती. टेम्पो सुरू झाला, मी हात वर केला. तिनेही केला. मग गल्लीचं टोक जवळ आलं तसं तिने घाईघाईने रस्त्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आम्ही कोणत्या बाजूला वळतो ते दिसू नये म्हणून.