वहिनींच्या कॉफीचा किस्सा

मेलबर्नमध्ये मंगळवारची संध्याकाळ घरात बसून घालवणारा माणूस मला तेव्हा आजारी वाटायचा. ऑफिस सुटलं की माझे पाय आपोआप सिटीकडे वळायचे. एखाद्या गल्लीत कुणी सॅक्सोफोन वाजवत असायचं, पुस्तकांच्या एका दुकानामागे तीस खुर्च्यांपुढे नाटक चालायचं, आणि मंगळवारी एका जुन्या पबच्या वरच्या मजल्यावर ओपन माइक. फळ्यावर नाव लिहायचं, पाच मिनिटं मिळायची, तेवढ्यात लोकांना हसवून दाखवायचं. मी दर आठवड्याला नाव लिहायचो आणि दर आठवड्याला तोंडावर आपटायचो. करी, क्रिकेट, माझा अ‍ॅक्सेंट. माझ्याआधी दहा जणांनी सांगून झालेले विनोद मी पुन्हा सांगायचो. लोक सभ्यपणे बियर पीत राहायचे.

शनिवारी मात्र मी डँडेनॉन्गच्या उपनगरात मित्राकडे जेवायला असायचो. आम्ही दोघं इथल्या एकाच युनिव्हर्सिटीत शिकलो होतो, तीन वर्षं एका खोलीत राहिलो होतो. तो एका गोदामात सुपरवायझर झाला, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चिकटलो. मग त्याचं लग्न झालं, वहिनी कराडहून आल्या आणि शनिवारचं माझं ताट ठरूनच गेलं. कराडला त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. साठ पोरांचा वर्ग एका हाकेत गप्प करत असणार, असा आवाज. इंग्रजी उत्तम वाचायच्या, बातम्या ऐकायच्या, माझे ईमेलसुद्धा एकदोनदा सुधारून दिले होते. पण इथे दुकानात काउंटरपुढे उभ्या राहिल्या आणि मागे रांग लागली, की त्यांची वाचाच बसायची. मग मित्र पुढे होऊन बोलायचा.

एका शनिवारी भाकरी थापता थापता त्यांनीच सांगितलं.

"आम्ही कॉफीची प्रॅक्टिस करतो, भावोजी. रोज संध्याकाळी."

"कॉफी करायची?"

"मागायची! हे ओट्याच्या आतल्या बाजूला उभे राहतात, मी बाहेरच्या. हे विचारतात, हाऊ या गोइंग. त्याचं उत्तर द्यायचं, हसायचं, मग ऑर्डर सांगायची. मी चपला घालते, खांद्याला पर्स लावते. पर्स नसली की मला काही सुचतच नाही."

"आणि मी मागच्या रांगेतले आवाज पण काढतो," मित्र म्हणाला. "एक्स्क्यूज मी, कॅन यू हरी अप!"

हसता हसता तिघांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एक दिवस एकटीने सिटीत जायचं, एकटीने कॉफी मागायची आणि खिडकीशी बसून प्यायची, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही हसत होतो खरे, पण ते त्यांना किती मनापासून हवं होतं, हे मला त्या दिवशीही कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

घरी जाताना ट्रेनमध्ये मी तो किस्सा फोनवर लिहून काढला. दोन आठवडे आरशापुढे घोकला. शेवट मात्र जमेना. चपला, पर्स, नवऱ्याने काढलेले रांगेचे आवाज, सगळं छान, पण पुढे काय? मग मी शेवट बनवला. बाई खऱ्या दुकानात जाते, खरा माणूस विचारतो, हाऊ या गोइंग, आणि ती काही न बोलता पर्स छातीशी धरून पळत सुटते ती थेट स्टेशनात.

त्या मंगळवारी मी दोघांनाही बोलावलं. वहिनी पहिल्यांदाच संध्याकाळच्या सिटीत येत होत्या. मोरपंखी कुर्ता, वर मित्राचं भलंमोठं जॅकेट. जिना चढून वर आल्या, दिवे बघितले, गर्दी बघितली आणि मला म्हणाल्या, "किती जिवंत वाटतं हो इथे!" मित्र ड्रिंक्स आणायला उठला, तर त्यांनी त्याला हाताने खाली बसवलं आणि स्वतः बारकडे गेल्या. मी बघत होतो. पुढे दोन माणसं, मागे चार. बारवाला काहीतरी बोलला, त्या हसल्या, काहीतरी बोलल्या. लेमन लाइम बिटर्सचे तीन ग्लास दोन्ही हातांत सांभाळत परत आल्या. चेहरा असा फुलला होता, की मित्र नुसता बघतच राहिला. मी "वा, वहिनी!" म्हटलं, एक घोट घेतला, आणि माझं नाव पुकारलं गेलं.

किस्सा चालला. चालला म्हणजे काय, खोली अक्षरशः फुटली. चपलांना हसले, पर्सला हसले, आणि ती पळत सुटते तिथे तर टेबलं बडवायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी एवढे लोक हसत होते. मी हवेत होतो. त्या हवेतच मी हात लांब करून म्हणालो, ती आज इथे आलीये, ती बघा, ती तिसऱ्या टेबलाशी. सगळ्या माना वळल्या. वहिनींनी हसून हात वर केला. दुसरा हात मांडीवरच्या पर्सवर होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला.

मध्यंतरात तोच बारवाला ग्लास गोळा करायला आला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "यू डिड ग्रेट, लव्ह. ऑल दॅट प्रॅक्टिस!" त्यानंतरची ड्रिंक्स मित्राने आणली.

परतीच्या ट्रेनमध्ये वहिनी म्हणाल्या, "छान झालं, भावोजी. लोक किती हसले." पुढच्या शनिवारी त्याचा मेसेज आला, हिला जरा बरं नाहीये. त्याच्या पुढच्या शनिवारी, या वीकेंडला नको रे. तिसऱ्या शनिवारी मीच विचारलं नाही.

इथवर झालं ते मूर्खपणात मोडलं असतं. पण मी तो किस्सा त्यानंतर अख्खा हिवाळा सांगत हिंडलो. फिट्झरॉयला, ब्रन्सविकला, जिथे माइक मिळेल तिथे. त्या स्वतः हसल्या होत्या की, अशी मनाची समजूत घालून. वसंतात तो किस्सा लोकांना शिळा झाला आणि त्याच्यामागोमाग मीही.

पुढे ते दोघं सिडनीला गेले. गेल्या वर्षी कामासाठी तिकडे होतो, धीर करून फोन केला, मित्राने पेंडल हिलच्या घरी बोलावलं. वहिनी आता घरी बसून मुलांना ऑनलाइन सायन्स शिकवतात. बाहेर जेवायला गेलो तेव्हा त्यांनी मेनूवर बोट ठेवलं आणि मित्राने वेटरला सांगितलं. दोघांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. सवयीचं होतं.

मित्र गाडी आणायला गेला तेव्हा मी माफी मागितली. खूप वर्षं पाठ केलेली होती, तरी अडखळलो. तुमच्या घरातली गोष्ट मी लोकांपुढे सांगायला नको होती, असं काहीसं म्हणालो.

"सांगितलीत त्याचं काही नाही," वहिनी म्हणाल्या. "विचारलं असतंत तरी मी हो म्हटलं असतं. पण मी पळाले असं का सांगितलंत? मी तर पाच मिनिटांपूर्वीच तिघांसाठी ड्रिंक्स आणली होती. तुम्ही बघितलं होतंत, भावोजी."

त्या पळतात तिथेच सगळ्यात मोठा हशा यायचा, हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही.