गौतमीला मांजरीने मारले नाही

नागपूरच्या दवाखान्यात गौतमी मला शेवटची भेटली तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता आणि बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावे लागत होते. एरवी तिला थांबवायला माझ्यासारखी भांडखोर बाई लागायची. मी खाटेजवळ बसले तर म्हणाली, "मंदा, तोंड पाडून नको बसू. मी काय सांगून राहिली ते ऐक." मग थोडा वेळ नुसता श्वास... "रेखाच्या मनगटावर फोड आला. मी पाह्यला. विनोद तिले मेडिकलमधून कॅप्सूल आणून देईन. ती फोडून लावू देऊ नको. पहिले तपासाले ने. माह्यासारखं नको होऊ देऊ पोरीचं." रेखा तिची मुलगी, विनोद मुलगा. मी म्हटले, "तूच घरी ये अन् दोघांच्या कानफटात दे." ती हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात माल उतरवून घेत होते, तेव्हा विनोदचा फोन आला. "मौशी, माय गेली..."

याला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून मी जिथे जाते तिथे एकच वाक्य माझ्या आधी येऊन बसलेले असते. मांजर पाळली आणि गेली. कोणी त्याला 'बिचारी' जोडतो, कोणी मान हलवतो, पण वाक्य तेच. ज्या बाईने आयुष्यभर मांजरीच्या अपशकुनाची थट्टा केली तिचेच मरण आता अपशकुनाचा पुरावा म्हणून गावभर फिरवले जात आहे, हे मला गिळता येत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी दुसरे पान उघडावे.

नव्याण्णव साली गोंदियाजवळ फुलचूरला आम्ही दोघींनी मिळून पोहे-मुरमुऱ्यांचे दुकान टाकले. त्याआधी तिकडच्याच गोरेगावच्या आठवडी बाजारात मी जमिनीवर पोते अंथरून बसत होते आणि ती माझ्या शेजारी. बाजारात शेजारी बसणाऱ्या दोन बायका एक तर वैरिणी होतात नाही तर भागीदार. आम्ही दोन्ही झालो. तिचा नवरा लवकर गेला होता, माझा असून नसल्यासारखा. आम्हाला कोणी दुकान दिले नाही, जागा दिली नाही, उधारीवर पहिले पोते दिले नाही. जे झाले ते आमच्या तोंडाच्या जोरावर झाले. व्यापाऱ्याशी भाव मी करायची, गिऱ्हाईक ती सांभाळायची, कारण मी सांभाळलेले गिऱ्हाईक परत येत नसे.

मुरमुऱ्यांच्या दुकानात उंदीर फुकटचे भागीदार असतात. ते आवरायला चार वर्षांपूर्वी गौतमीने एक मांजरीचे पिल्लू आणले, राखेच्या रंगाचे. नाव ठेवले भुरी. भुरी मोठी झाली तशी शेजारच्या तांदळाच्या शेटजींची पंचाईत झाली. ते सकाळी सौद्याला निघायचे आणि नेमक्या त्याच वेळी भुरी रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर उन्हाला जायची. शेटजी तिथेच थांबायचे, चप्पल काढून पुन्हा घालायचे आणि ओरडायचे, "अरे गौतमी, तेरी बिल्ली ने फिर रास्ता काट दिया!" गौतमी हातातले माप टाकून धावत रस्त्यावर यायची. "थांबा शेटजी, पहिले मी जाते. अपशकुन माह्या डोक्यावर घेते. पण मग तुमचं बोहनीचं गिऱ्हाईकही माह्याकडे पाठवा!" सगळी ओळ हसायची. शेटजीही हसायचे, पण तिला पुढे जाऊ दिल्याशिवाय पाऊल उचलत नसत. आमच्या दोघींच्या घरांत बाबासाहेबांनंतर शकुन-अपशकुनाला थारा नव्हता. तिने तो दुकानासमोरच्या रस्त्यावरूनही हाकलला होता.

आता जे घडले ते सांगते. हे तिच्या एकटीच्या घरात घडले नाही, फक्त तिच्या घरात ते मरणापर्यंत पोचले. आमच्याकडे कॅप्सूल खातात कमी आणि फोडतात जास्त. पायाला खिळा लागला, कॅप्सूल उघडली, आतली पावडर जखमेत भरली. बैलाचा खांदा सोलला, पावडर. लेकराचा गुडघा, बकरीचा खूर, पावडर. ताप गेला की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या माणसाला किंवा जनावराला त्यातल्याच द्यायच्या. मेडिकलवाल्याकडे चिठ्ठी लागत नाही. लाल-काळी म्हटले की तो लाल-काळी कापून देतो.

भुरीच्या मानेला बोक्याने चावले. गौतमीने पावडर भरली, जखम सुकली, तिने थांबवले. काही दिवसांनी जखम पुन्हा वाहू लागली. पुन्हा पावडर, दुधात अर्धी गोळी, पुन्हा सुकली, पुन्हा थांबवले. असे कित्येक महिने चालले. मेडिकलवाला दर वेळी वरच्या फळीवर हात घालायचा. "वो नहीं चली ना बाई? ये ले जाओ, ये महँगी वाली है." आणि एक दिवस गौतमी मानेतला पू दाबून काढत असताना भुरीने तिच्या अंगठ्याजवळ पंजा मारला. साधा ओरखडा. गौतमीने त्यावरही तीच पावडर भरली.

अंगठा सुजला, मग तळवा. कॅप्सूल बदलली, मग इंजेक्शने, मग गोंदियातला दवाखाना, मग थंडी वाजून ताप आणि नागपूर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पू तपासायला पाठवला आणि विचारले, "घरात जनावर आहे का? कुत्रं, मांजर, काही?" विनोद म्हणाला, "नाही मॅडम." मी आयुष्यभर भाव केले आहेत. माणूस आकडा खोटा सांगतो तेव्हा त्याची मान कशी वळते ते मला पाठ आहे. मी म्हटले, "आहे. मांजर आहे. तिच्या मानेला जुनी जखम आहे आणि तिलाही ह्याच गोळ्या दिल्यात." बाहेर आल्यावर विनोद रडकुंडीला आला. "मौशी, काऊन सांगितलं? आता ते म्हणतीन, हे लोक घाणीतच राह्यतात." त्याचे दुखणे मला कळले. आमच्या लोकांना 'घाण' हा शब्द कोणी, किती वर्षे ऐकवला हे मला कोणी शिकवू नये. तरी मी त्याला म्हटले, "लाज डॉक्टरपुढं नाई करायची, बाबू. तू लाज करशीन अन् माय मरन."

डॉक्टरीणबाईंचे म्हणणे पडले की मांजरीचाही पू तपासता आला तर बरे. मी गाडी पकडून गोंदियात आले. जनावरांच्या डॉक्टरांनी भुरीच्या जखमेत कापसाची काडी फिरवून नळीत बंद करून दिली आणि ती नळी घेऊन मी पुन्हा नागपूरला, गौतमीचा पू तपासणाऱ्या त्याच प्रयोगशाळेत. तिथला माणूस म्हणाला, "पेशंटचं नाव?"

"भुरी."

"आडनाव?"

"माझंच लिहा."

"वय?"

"चार वर्षं."

"बाळाला ताप आहे का?"

"बाळ नाई, मांजर आहे."

त्याने पेन खाली ठेवले. "मावशी, आम्ही जनावरांचं घेत नाही."

"तुमच्या काचेखाली पू माणसाचा का मांजरीचा, ते जंतूले माहीत राह्यते का?" मी म्हटले. रांगेतले लोक हसले, तो चिडला, मी त्याहून जास्त चिडले. शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावून त्याच्या कानाला धरला. नळी आत गेली.

दोघींच्या पुवात एकच जंतू निघाला. नेहमीच्या बहुतेक औषधांना न जुमानणारा, भुरीत तसाच, गौतमीत तसाच. मी सरळ विचारले, "म्हणजे मांजरीने दिला?" बाई म्हणाल्या, "जनावराकडून माणसाला लागू शकतो. माणसाच्या हातून जनावराला आणि तिथून परतही येऊ शकतो. कोणी कोणाला दिला, ते मी शपथेवर सांगणार नाही. पण अर्धवट औषधाने कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मग तेच वाढतात. असं महिनोन्महिने झालं की घरात फक्त चिवटच राहतात." दोन औषधे अजून चालण्यासारखी होती. ती सुरू झाली. पण तोवर विष रक्तात उतरले होते... आणि त्याच दिवसांत आईची पट्टी बदलणाऱ्या रेखाच्या मनगटावर तो फोड आला.

गौतमी गेल्यावर तिसऱ्या दिवशी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडव भरला होता. विनोद विचारणाऱ्याला सांगत होता, "शुगर वाढली होती." गौतमीला शुगर कधीच नव्हती. बायका कुजबुजत होत्या, मांजर. एक जण विनोदला समजावत होती, "मारू नको बाप्पा, मांजर मारली त पाप लागते. पोत्यात घाल अन् चिचगडच्या जंगलात सोडून ये." मी म्हटले, "चिचगडवाल्यांनी तुझं काय घोडं मारलं वो?" तेवढ्यात मेडिकलवाला आला. फुले वाहिली, हात जोडले आणि रेखाचे मनगट पाहून म्हणाला, "बेटी, कल दुकान पे आना. एक नई कैप्सूल आई है. पैसा नहीं लूँगा."

पैसा नहीं लूँगा! मी उठले. विनोद पुटपुटला, "मौशी, आज नको." मी म्हटले, "आजच." आणि सगळ्यांसमोर मेडिकलवाल्याला विचारले, की तुम्ही कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर हिला औषध देताय? हिच्या आईला कोणत्या चिठ्ठीवर दिले? मांजरीला कोणत्या? तो म्हणाला, "बाई, ग़म में हो, इसलिए सुन रहा हूँ. आप लोग ही तो माँगते हो." ते खरे होते. म्हणून मी आवाज आणखी वाढवला, कारण आता तो मांडवातल्या प्रत्येकासाठी होता. "हो, आम्ही मागतो. मागून खातो अर्धं, मांजरीला घालतो अर्धं अन् उरलं ते डब्यात ठेवतो. गौतमी शुगरनं नाई गेली. मांजर आडवी गेली म्हणून नाई गेली. औषधाले न ऐकणारा जंतू आपण घरी पोसला, मांजरीत पोसला, तो तिच्या हातात गेला. उद्या तुमच्या घरी जाईन. मांजर असो, कुत्रं असो, नसो." एक म्हातारा म्हणाला, "बाई, कार्यक्रमात असं नाई बोलत." मी म्हटले, "मग कुठं बोलू? इथं सगळे एकदम भेटून राहिले."

त्याच संध्याकाळी मी रेखाला घेऊन गोंदियातल्या दवाखान्यात गेले. मनगटावरची लाली तोवर कोपराकडे सरकू लागली होती. विनोद मागून मोटारसायकलवर आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याने माझा हात धरला. "मौशी, मायही अशीच... आता बहीणही जाईन का?" यावेळी मला भाव करता आला नाही. मी खरे तेच सांगितले, "माहीत नाई." आत डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, घरात जनावर आहे का. माझ्या आधी विनोद बोलला. "आहे सर. मांजर आहे. तिचा रिपोर्टही आहे, मायचाही आहे." डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले, फोड चिरला, पू तपासायला पाठवला आणि त्या जंतूवर अजून चालणारे औषध पहिल्याच दिवसापासून सुरू केले. आईच्या वेळी ते कळेपर्यंत उशीर झाला होता. मुलीच्या वेळी ते आधीच माहीत होते, कारण एका मांजरीला आडनाव लावून मी रांगेत भांडले होते.

लाली मागे सरली. बरे वाटू लागताच रेखा म्हणाली, "मौशी, आता उरलेल्या ठेवून देऊ का? पुढं कामी येतीन." मी त्या वेळची गोळी तिच्या हातावर ठेवली. तिने पाणी आणले. औषध शेवटच्या गोळीपर्यंत तिने माझ्यासमोर संपवले.

भुरीला कोणी पोत्यात घातले नाही. रेखाने घालू दिले नाही. "मायची मांजर आहे. औषध मले भेटते, तं तिले काऊन नाई?" असे ती भावाला म्हणाली आणि भुरीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे सांगितल्याप्रमाणे भुरी जखम भरेपर्यंत वेगळ्या खोलीत राहिली. तिला हात लावायचा तो हातमोजे घालून, नंतर साबण, आणि अंथरुणात घ्यायचे नाही. जखम भरली. मला अजूनही लोक विचारतात, ती मांजर ठेवलीच काऊन? मी त्यांना उलट विचारते, तुमच्या घरातला गोळ्यांचा डबा ठेवला काऊन?

गेल्या आठवड्यात रेखा दुकानात आली. पट्टी निघाली आहे, उजव्या मनगटावर बोटभर खूण आहे. मुरमुऱ्यांचा नवा व्यापारी पोती उतरवत होता आणि मी भाव करायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने एका पोत्याचे तोंड सोडले. गौतमीची माल घ्यायची एक रीत होती. ती मुरमुरे डोळ्यांनी पाहायचीच नाही. मूठभर उचलून कानाजवळ नेऊन मूठ आवळायची. कुरकुर नीट ऐकू आली तर मान डोलवायची, नाही तर पोते पायाने सरकवायची. हे तिने कोणाला शिकवले नव्हते. निदान मला नाही. रेखाने तोच उजवा हात पोत्यात घातला, मूठ कानाजवळ नेली, आवळली, ऐकले. बोटे पुरती मिटत होती. मी तीच पाहत होते.

"सादळले आहेत," ती म्हणाली आणि पोते पायाने सरकवले. "वापस ने भाऊ."

व्यापारी वाद घालू लागला. मी बसून राहिले. मला बोलायची गरज पडली नाही.