टेबलावरचं कोल्ड स्टोरेज

मागच्या मंगळवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर पिंपळगाव बसवंतचं एक कोल्ड स्टोरेज दिवसभर उघडं पडलं होतं... आणि त्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती.

खुलासा करतो. मंजिरी, म्हणजे माझी पत्नी, गेल्या दिवाळीपासून त्या कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्युटर इथे नाशिकमध्ये घरी बसून सांभाळते. लेक लहान असताना सोडलेली नोकरी, मधली बरीच वर्षं माझे डबे, आणि आता हे पहिलं स्वतःचं काम. घरी बसून बाई काय करणार, ही तिथल्या मालकांची शंका. मॅनेजर सलीमभाईंनी तिच्यासाठी शब्द टाकला, म्हणून काम मिळालं.

तिचा लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला, म्हणून त्या सकाळी तिने माझा घेतला. माझ्या लॅपटॉपने आजवर सुभाषितं आणि विद्यार्थ्यांचे निबंध यांपलीकडे काही पाहिलेलं नाही... त्याचंही कल्याण झालं. एक काळी खिडकी उघडली, तीत पांढरी अक्षरं धावू लागली. मी चहा घेऊन मागे उभा राहिलो आणि विचारलं, की तू इथे लिहितेस ते तिकडे कळतं कसं?

तिने सांगितलं ते मला जसं समजलं तसं लिहितो. जाणकारांनी क्षमा करावी. तिकडच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम सदैव दाराशी कान लावून बसलेला असतो. कोणी दार वाजवलं की तो स्वतः जागचा हलत नाही. स्वतःची एक प्रत काढतो, आलेला पाहुणा तिच्या हवाली करतो आणि पुन्हा दाराकडे लक्ष.

ती प्रत आधी ओळख तपासते, मग आत घेते. आपण इथे टाइप केलेलं तिकडे पोहोचवते, तिकडचं उत्तर इकडे आणते. आपण निघालो की तिचं अवतारकार्य समाप्त. एकाच द्वारपालाचे इतके अवतार, असं मी कौतुकाने म्हणालो.

"अवतार म्हण हवं तर. पण यांना दर तासाला चहा लागत नाही," असं म्हणून तिने माझा रिकामा कप माझ्याच हातात दिला.

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. मंगळवार म्हणून ती बहिणीबरोबर वणीच्या गडावर देवीला निघाली होती. जाता जाता मंजिरीने त्या दाराचे नियम जरा कडक केले, द्वारपालाला उठवून नव्या नियमांनिशी पुन्हा बसवलं, आणि खिडकी तशीच उघडी टाकून चपला घालून गेली.

आता घरात माझी ख्याती अशी, की मी जिथून जातो तिथले दिवे, पंखे, गीझर सगळं बंद होतं. लॅपटॉप तर उघडा दिसला की मिटलाच. पण त्या दिवशी मी तो मिटला नाही. कारण पुढे येईल.

दुपारी गडावरून फोन. आवाज इतका खाली, की आधी वाटलं देवळात उभी आहे. संध्याकाळी द्राक्षं यायची होती, त्याआधी चेंबर थंड करून ठेवायचं होतं. ते काम ती गडावरून मोबाइलवर करणार होती... पण द्वारपाल तिलाच आत घेईना. बाहेरच्या कोणी शिरू नये म्हणून केलेला नियम तिलाही लागू झाला होता. नव्याने लॉगिन होतंय का, हे निघण्याआधी एकदा करून बघायचं असतं. हॉर्नच्या घाईत ते राहिलं.

सलीमभाईंचा फोन येऊन गेला होता. "टेंपो निघालेत मॅडम, चेंबर अजून गरमच हे," एवढंच म्हणाले. माणूस रागावला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. माल उन्हात आवारात थांबला असता, आणि त्याबरोबर त्यांनी टाकलेला शब्दही.

मग तिने डॉक्टरला रिपोर्ट विचारावा तसं विचारलं, "सकाळची ती खिडकी... बंद केलीस?"

"नाही."

"मग मिटू नकोस!" आता मात्र ती जवळजवळ ओरडलीच.

गंमत अशी, की दाराशी नवा द्वारपाल बसला तरी आत पाहुण्यापाशी बसलेली सकाळची प्रत तशीच असते. नवे नियम नव्याने येणाऱ्यांना. म्हणजे आत शिरलेली मंजिरी अजून पिंपळगावातच होती, माझ्या टेबलावरून. परकायाप्रवेशात मागे राहिलेला देह कोणाला तरी राखावा लागतो... तो मान अनायासे माझ्याकडे आला होता.

पुढचा काही वेळ तिने संथा दिली आणि मी म्हटली. एकेक अक्षर ती सांगणार, मी टाइप करणार, पुन्हा वाचून दाखवणार, मग ती एंटरची आज्ञा देणार. पाठशाळेत गुरुजींपुढे बसायचो, तसाच ताठ बसलो होतो. शेवटचा एंटर मारला, आणि सकाळचा कडक नियम सैल झाला. तिने तिकडून पुन्हा दार वाजवलं.

"आले आत," ती म्हणाली. आणि फोन ठेवला. द्राक्षांचं तापमान माझ्या हाती सोपवण्याइतका विश्वास अजून बसलेला नाही.

संध्याकाळी ती घरी पोहोचते न पोहोचते तोच सलीमभाईंचा फोन, माल आत गेला म्हणून. ती खुर्चीत बसली, आणि मग म्हणाली, "तू आणि बंद केलं नाहीस? खरं सांग."

खरं सांगितलं. मला वाटलं होतं ती काळी खिडकी म्हणजेच कोल्ड स्टोरेज. लॅपटॉप मिटला तर तिकडचे पंखे थांबतील. म्हणून मी दुपारी ओट्याशी उभ्याने जेवलो, उगाच द्राक्षांवर आमटी सांडायला नको.

माझी चूक दुरुस्त करायचं तिने सोडून दिलं. मग गडावरून आणलेला पेढा माझ्या तोंडात घातला आणि डोळे पुसेपर्यंत हसली.

तिच्या कामातलं मला काही कळत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. ते एकदा तरी तिच्या उपयोगी पडलं, याचा मला अतोनात आनंद आहे.