मोहाखालचा खराटा

मामी फोनवर एवढंच म्हणाली, "तुझे मामा गेले गं. चहा ठेवला होता त्याईचा, तो तसाच हाय." मी भद्रावतीच्या स्टँडवर उभी होते. चंद्रपूरची बस समोर लागली होती. मी तिच्यात चढले, खिडकीशी बसले, तिकीटसुद्धा काढलं, आणि बस गावाबाहेर पडल्यावर मनात पहिला विचार आला तो असा की, आता मोहाच्या झाडांखाली कोण झाडणार? सख्खा मामा जावा आणि आधी खराटा आठवावा, याची मला लाज वाटली. पण दाऊदमामांना ओळखणाऱ्या कुणालाही ती वाटायची नाही...

आरमोरीहून आत, जंगलाला लागून मामांचं गाव. तिथल्या लहानशा चर्चमध्ये पाळक महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार मामांचे. ते उपदेशाला उभे राहिले की गोठ्यातले बैलसुद्धा माना वर करतात, असं मामी म्हणायची, आणि ते काही कौतुक नव्हतं. कुणाला ताप येवो, कुणाची शेळी हरवो, मामांकडे औषध एकच. "प्रभू हाय ना." लहानपणी मला हे फार आवडायचं. पुढे शिकून शहाणी झाल्यावर जरा रागच यायला लागला. या माणसाला कधी शंका कशी येत नाही?

मोहाची फुलं पहाटेपासून गळतात. खाली वाळका पाचोळा असला तर ती दिसत नाहीत, म्हणून हंगामाच्या तोंडावर लोक झाडाखालचा पाचोळा जाळून घेतात. जाळायला काही लागत नाही, पण ती आग पुरती विझेपर्यंत जवळ बसावं लागतं. दहा-बारा वर्षांपूर्वी मामांना एवढा धीर निघाला नाही. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार होता, मिरवणुकीला उशीर होत होता. शेजारच्या बांधावरून सोमीबाईंनी हटकलं होतं, "भाऊ, हवा हाय आज. नोका लावू." मामांनी काडी ओढली, म्हणाले, "प्रभू हाय ना, बाई," आणि हातात झावळी घेऊन गाणी म्हणत निघून गेले.

सोमीबाई गोंड, नवऱ्यामागे एकटीनं शेत करणाऱ्या. त्यांच्या बांधावर मोहाची सहा झाडं. त्यातलं सगळ्यात जुनं सासरच्या घराण्याचं. त्याची पहिली फुलं त्यांच्या देवाला वाहिल्याशिवाय घरात कुणी तोंडात घालत नसे. झाड आतून पोकळ होतं. वाऱ्यानं आग बांधावर चढून त्या पोकळीत शिरली, आणि तीन दिवस ते आतल्या आत जळत राहिलं. माणसं पाणी ओतत होती, वरून धूर येतच होता. बुधवारी ते कोसळलं. मामी सांगते, मामा त्या तीन दिवसांत जेवले नाहीत.

ईस्टरच्या उपासनेला ते पुढे उभे राहिले. मी तेव्हा तिथे होते. नेहमीचा आवाज नव्हताच. म्हणाले, "मी प्रभूवर भरोसा टाकला नव्हता. माहा आळस त्याच्यावर टाकला होता." मग जाऊन शेवटच्या बाकावर बसले. पाळकांनी समजावलं, पंचांनी हात जोडले, पण उपदेशाला ते परत उभे राहिले नाहीत. दुपारी सोमीबाईंच्या अंगणात जाऊन त्यांनी माफी मागितली. सोमीबाई तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाहू."

पुढच्या हंगामापासून मामांनी आग लावणं सोडलं. बांबूच्या काड्यांचा लांब दांड्याचा खराटा बांधला. रोज पहाटे आधी सोमीबाईंच्या पाच झाडांखाली झाडायचं, मग स्वतःच्या एका. महिनाभर हे चालायचं. हंगाम सरला की विचारायचे, "बाई, आता?" उत्तर ठरलेलं. "पाहू."

माझं लग्न मोडलं, त्या वर्षी मी महिनाभर मामांकडे होते. चर्चमध्ये जायची हिंमत नव्हती. लोकांच्या नजरा नको वाटायच्या. मामा मला पहाटे सोबत न्यायचे. धुक्यात झाडं अर्धीच दिसायची. एक फूल पडायचं, टप्... मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. सगळीकडे तो गोड, जड वास. मी झोपेत आहे की जागी, हे मला कळत नसे. एकदा मी विचारलं, "मामा, ती बाई माफ करत नाही, तुम्हाला त्रास नाही होत?" ते खराटा टेकून उभे राहिले. "होते ना. पण पयले मी लोकाईले सांगत होतो, माफी मांगितली का भेटते. दुकानातल्या मिठावानी. मले काय मालूम होतं? आता रोज वाट पाहून राह्यलो, तवा समजते, प्रभू आपल्यासाठी किती थांबला असन." मग म्हणाले, "रविवारी चल. मांगच्या बाकावर जागा हाय." मी गेले. मोडलेल्या माणसाला बसायला जागा लागते, आणि ती मला दुसऱ्या मोडलेल्या माणसानंच दिली.

या वर्षी फुलं गळायच्या आधीच मामा गेले. पाच आठवड्यांनी स्मरणाच्या प्रार्थनेसाठी मी गावी गेले, तर दारामागे खराटा नव्हता. पहाटे मी बांधावर गेले. धुक्यात खर्र, खर्र आवाज येत होता, आणि क्षणभर, खरं सांगते, मला वाटलं मामाच आहेत. सोमीबाई होत्या. कमरेत वाकून मामांच्या झाडाखाली झाडत होत्या.

"तुमची झाडं, बाई?" मी विचारलं.

"मंग झाडतो. त्याईचं पयले."

मला राहवलं नाही. "मामाले माफ केलं का तुमी?"

त्यांनी पाचोळ्याचा ढीग बाजूला सारला. "पयल्याच वर्षी केलं होतं. महिनाभर माणूस झाडते, आनखी काय पायजे?"

"मग सांगितलं काऊन नाई?"

एक फूल पडलं, त्यांनी ते उचलून टोपलीत टाकलं. "सांगतलं असतं त येनं बंद केलं असतं त्याईनं," त्या म्हणाल्या. "मले इथी सकाळी दुसरं कोन होतं?"

मी रडले. मामांसाठी, की ज्या बाईला मी इतकी वर्षं कठोर समजत होते तिच्यासाठी, ते मला अजून सांगता येत नाही. दांडा मामांच्या हातानं गुळगुळीत झालेला होता. मी सोमीबाईंच्या हातून खराटा घेतला आणि त्यांच्या पहिल्या झाडाखाली झाडायला लागले.