भंडाऱ्याचा व्हिडिओ

पंचायतीच्या निवडणुकीची मला आता शिसारी येते. अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं असं म्हणू नये, पण येते त्याला काय करू?

यंदा आमच्या गावचं सरपंचपद बाईला राखीव झालं. माझा चुलत दीर गेली पाच वर्षं त्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. आरक्षण निघालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं बायकोला उभं केलं. बॅनरवर तिचा फोटो टिकलीएवढा, ह्याचा दाराएवढा. खाली लिहिलेलं, ‘डिजिटल गाव, पारदर्शक कारभार’. पारदर्शक! अर्जावर सही कुठं करायची हेसुद्धा त्या बिचारीला नवऱ्यानं बोट ठेवून दाखवलं होतं.

तिच्याविरुद्ध उभी होती आमच्या वस्तीवरची आशा कार्यकर्ती. माझ्या सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला शाळेतून रजा मिळेना. तिनंच त्यांना मिरजेला नेलं, आणलं, आणि पुढं महिनाभर दिवसातून तीनदा येऊन डोळ्यात थेंब घातले. सासूबाईंचं केव्हाच ठरलं होतं. “ह्या बारीला माझं मत तिला. लय केलं पोरीनं माझं.”

मतदानाला चार दिवस राहिले आणि दीर ताट घेऊन आला.

भंडारा उचलणं आमच्याकडं जुनंच. ताटात बेलाचं पान आणि भंडारा, त्यावर हात ठेवून मताचा शब्द द्यायचा. शब्द मोडला तर घरातल्या पोराबाळांवर येतं म्हणतात. पण पूर्वी तो माणसाचा आणि देवाचा आपसातला मामला होता. दोन्ही पॅनेलचा भंडारा उचलून मनाला येईल तिथं शिक्का मारणाऱ्या बेरकी म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. देवानंही त्यांचं काही वाकडं केलं नाही. यंदा ताटाबरोबर मोबाईल आला.

“काकी, हिकडं कॅमेऱ्यात बगून बोला. नातवाचं नाव घ्या.”

नातू म्हणजे माझा मुलगा. फौजेत आहे, सध्या सरहद्दीवर.

“आरं, त्याला कशाला मधी वडतूस?” सासूबाई म्हणाल्या.

“वडत कुठं हाय? समद्या भावकीनं घेतलंय नाव. तुमीच तेवढ्या मागं ऱ्हायला तर बरं दिसंल का?”

त्यांनी ताटावर हात ठेवला. नातवाचं नाव घेऊन शब्द दिला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ते ताट उचलून अंगणात भिरकावायला हवं होतं. नाही भिरकावलं. भावकीत वाकडं नको म्हणून गप्प बसण्याची सवय माझ्याही अंगात मुरलेली आहे. तासाभरात तो व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर पडला. मुंबईच्या भाऊबंदांनी खाली अंगठे टाकले, कुणी हात जोडले. मला त्या फोनचीच किळस आली.

दीर गेल्यावर मी सासूबाईंना समजावलं. जबरदस्तीच्या शपथेला काही अर्थ नसतो. मत गुप्त असतं. “आत्या, तुमी कुणाला दिलं ते मशीन कुणाला सांगत न्हाई.”

“मशीन न्हाई सांगत गं. पर मी बोललीय न्हवं?”

मतदानाच्या दिवशी त्यांना केंद्रात एकटीनं जाणं शक्य नव्हतं. ऑपरेशनच्या डोळ्यानं वाट दिसते, पण मशीनवरची बारकी चिन्हं काही दिसत नाहीत. अशांना बरोबर साथीदार नेता येतो. दीर दारातच टपलेला होता. “मी येतो काकीसंगं.” मी त्याला बाजूला सारलं आणि म्हणाले, “सून जिवंत आहे अजून.” मतदाराच्या इच्छेप्रमाणं मत देईन आणि ते गुप्त ठेवीन, अशा कागदावर मी सही केली. त्याच्यावर मात केल्याचा केवढा तो आनंद मला!

पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो. सदस्यांची बटणं त्यांनी सांगितली तशी दाबली. सरपंचाची पाळी आली तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी म्हणाल्या, “भंडाऱ्यापरमाणं दाब. माझ्या मनापरमाणं नगं.”

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी आशाताईच्या चिन्हापुढचं बटण दाबलं.

“दाबलंस?”

“दाबलं.”

परत येताना त्यांनी देवळापाशी चपला काढल्या. हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, “शबुद पाळला बग देवा. माझ्या लेकराला सुखरूप ठेव.” मी मागं उभी होते. आपण एका म्हातारीचं खरं मत वाचवलं, असं तेव्हाही मी स्वतःला सांगत होते.

निकाल लागला. जाऊ भरघोस मतांनी निवडून आली. मिरवणुकीत हार दिराच्या गळ्यात, आणि सरपंचबाई मागं ओवाळणीचं ताट धरून उभी. मला त्याच्याकडं नजर रोखून बघवेना. त्यानं सासूबाईंचा शब्द काढून घेतला, पण निदान त्यांच्यासमोर, उघड. मी तर हातात हात असताना त्यांचं मत पळवलं, वर खोटंही बोलले. वर्गात ‘गुप्त मतदान’ हा धडा आला की आता मी तो मुलांनाच वाचायला सांगते.

मी काही देवभोळी नाही. भंडाऱ्यानं कुणाचं बरंवाईट होत नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण रविवारी दुपारी पोराचा फोन यायला थोडा जरी उशीर झाला, तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी आतबाहेर करते, मोबाईलला रेंज आहे का पुन्हा पुन्हा बघते. सासूबाई मात्र निवांत शेंगा फोडत बसलेल्या असतात.

“यील गं फोन,” त्या मला धीर देतात. “आपुन शबुद पाळलाय न्हवं?”