माशांचा रोजा

कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी पहिली बाई होते. आज हे सांगितलं की लोक कौतुकानं बघतात. त्या वेळी त्याचा अर्थ एवढाच होता की मी शिंकले तरी मशीन शॉपपर्यंत बातमी जायची. सत्तरच्या दशकात चिंचवडच्या एका कंपनीत मी केमिस्ट म्हणून लागले. बॉयलरचं पाणी तपासायचं, धातूवर मुलामा चढवायच्या प्लेटिंगच्या टाक्या बघायच्या, काही बिघडलं असेल तर वर कळवायचं. काम मला मनापासून आवडायचं. साहेबांना मात्र माझ्यासाठी आणखी एक काम सापडलं.

साहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर. कॅन्टीनसमोर त्यांनी मोठ्या हौसेनं सिमेंटचा हौद बांधून घेतला होता. मध्ये कारंजं, आत पुण्याहून आणलेले लालभडक गोल्डफिश. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत ते मला म्हणाले, "हे मासे आजपासून तुमच्याकडे. बायकांना हे बरोबर जमतं. नीट सांभाळून दाखवा, मग त्या दुसऱ्या मुलीच्या अर्जाचं बघू."

दुसरी मुलगी म्हणजे आमच्याच मोल्डिंग शॉपमध्ये साच्यांत लोखंड ओतणाऱ्या एका कामगाराची लेक. पिंपरीच्या वस्तीत अभ्यास करून बी.एस्सी. झालेली, घराण्यात पहिलीच. मार्क माझ्यापेक्षा चांगले. प्रयोगशाळेत जागा होती, कामाचा ढीग होता, अडलं होतं ते फक्त साहेबांच्या मनात. साहेब हसत हसत बोलले आणि जेवायला गेले. मी डबा तसाच झाकून ठेवला. एका मुलीची नोकरी या माणसानं माशांच्या शेपटीला बांधली, आणि आसपासचे चारचौघे त्यावर हसले, याचा मला भयंकर राग आला होता.

उन्हाळा लागला. कारंज्याचा पंप मशीन शॉपवाले "दोन दिवसांत देतो" म्हणून घेऊन गेले, तो तिकडचाच झाला. हौदातलं पाणी निपचित पडलं. आणि एका सकाळी बघते तर सगळे मासे वर आलेले, पाण्याबाहेर तोंडं काढून हवा ओढतायत. एक कडेला उताणा तरंगत होता.

मी पाणी काचेच्या नळीत घेऊन प्रयोगशाळेत नेलं आणि त्यात अमोनिया दाखवणारं द्रावण टाकलं. चांगल्या पाण्यात ते जेमतेम पिवळं होतं. माझ्या नळीत कोऱ्या चहाचा रंग उतरला. माशांच्या विष्ठेतून आणि सडलेल्या खाण्यातून अमोनिया पाण्यात येतो, माशांचे कल्ले जाळतो, आणि पाणी तापलेलं असलं की जास्तच. मासे गुदमरत होते.

एवढं खाणं येतं कुठून, ते बघायला मी हौदापाशी जाऊन उभी राहिले. फर्स्ट शिफ्टवाले घरी जाताना डब्यातली उरलेली चपाती टाकून गेले. सेकंडवाले कामावर येताना पाव टाकून गेले. थर्डवाल्यांचं काय असणार ते मला न बघताच कळलं. प्रत्येक शिफ्टला वाटायचं, माशांची काळजी घेणारे काय ते आपणच.

"बघा की बाई, कसं तोंड वासतंय बिचारं," एक जण मला म्हणाला. "लई भुकावलंय."

"भूक नाही हो, श्वास कोंडलाय त्याचा!" मी ओरडले.

त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि हातातला उरलेला पावही टाकून दिला.

मग मी पाटी लावली : मासे आजारी आहेत, खायला घालू नये. दुसऱ्या दिवशी हौदात मऊ भात. त्याच्या पुढच्या दिवशी दुधात भिजवलेला ब्रेड. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नसतं ना! गल्लीतला दवाखाना काय आणि पुण्याचं ससून हॉस्पिटल काय, बारक्या डब्यातून पेज नेणारी ही माणसं. त्यांनी मासेही त्याच मायेनं बघितले. मी कपाळावर हात मारला आणि पाटी बदलली : माशांचा उपवास आहे. आता कोण घालील? तर सोमवारी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट. पाण्यावर तेलाचा तवंग आलेला बघून मला रडूच फुटलं.

आमच्या मेंटेनन्समधला फिटर बाजूला उभा होता. त्याच्या वडिलांचं पिंपरीत गॅरेज होतं. माणूस मिस्कील, पण तेव्हा तोही हसला नाही.

"बाई, उपास नका लिहू," तो म्हणाला. "तुमच्या उपासाला खायला लई असतं. रोजा लिवा. मग पाण्याचा थेंबसुद्धा कुणी देणार न्हाई."

"थेंब त्यांना आहेच की," मी म्हणाले, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

पाटीवर त्यानं स्वतःच्या हातानं खडूनं लिहिलं : माशांचा रोजा चालू आहे. त्याचं म्हणणं खरं ठरलं. पाटी वाचून लोक हसायचे आणि डबा बंद करायचे. मशीन शॉपमधल्या पंपासाठीही तोच भांडला आणि कारंजं सुरू करून गेला. मी रोज थोडं पाणी उपसत होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून ते आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवायचं आणि मग हौदात घालायचं. पदर खोचून मी बादल्या ओतायचे आणि मशीन शॉपच्या खिडक्यांत डोकी दिसायची. दिसू देत.

पण नळीतला रंग काही पुरता उतरेना. जरा फिका व्हायचा, पुन्हा गडद. मासे अजून मरत होते. सकाळी गेटातून आत शिरताना माझे पाय आपोआप हळू पडायचे. आता काय बघायला मिळणार, याची इतकी धास्ती घेतली होती की घरी आई विचारायची, कंपनीत कुणी त्रास देतं का. मासे त्रास देतात, हे तिला कसं सांगणार?

शेवटी मी एक दिवस फर्स्ट शिफ्टच्याही आधी गेले. हौदाच्या कठड्यावर एक माणूस उकिडवा बसला होता आणि बिस्किटाचा चुरा करून चिमटीनं पाण्यात सोडत होता. मी हाक मारल्यावर तो दचकून उठला आणि पुडा पाठीमागे लपवला. मोल्डिंगमधला तोच कामगार होता, त्या मुलीचा बाप.

"अहो, पाटी बघितली नाही का तुम्ही?"

"बघितली बाई. म्हनूनच घालतो," तो म्हणाला. "बाकी समद्यांनी बंद केलं. उपाशी मेलं तर? पोरीचं समदं यांच्यावर हाय. सायेब बोललं तवा मी तितंच जेवत हुतो."

मी त्याला प्रयोगशाळेत नेलं. एका नळीत नळाचं पाणी, दुसरीत हौदाचं, दोन्हींत द्रावण टाकून त्याच्यासमोर धरलं. त्यानं चहाच्या रंगाची नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली. मग पुडा माझ्या टेबलावर ठेवून खाली मान घालून शिफ्टला गेला. साहेबांच्या एका गमतीपायी भट्टीजवळ राबणारा माणूस आपल्या वाटणीची बिस्किटं माशांना घालत होता. त्या दिवशी माझी भीती मागे पडली आणि राग तेवढा उरला.

त्यानंतर पाणी सुधारलं. रंग फिका होत होत जेमतेम पिवळ्यावर आला. निम्म्याहून थोडे अधिक मासे वाचले आणि खाली, हौदाच्या तळाशी, निवांत फिरू लागले. साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि खूश झाले.

"बघा, प्रेमानं सांभाळलेत. बाईचा हात तो बाईचा हात."

"प्रेमानं नाही साहेब, उपाशी ठेवून," मी म्हणाले. पाहुणे हसले.

"बरं, बरं. त्या मुलीलाही घेऊन टाकू. दोघी मिळून मासे बघा, बाग बघा."

"बागेला माळी आहे. तिला घ्यायचं तर प्रयोगशाळेत घ्या."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मासेही दुसऱ्या कुणाला द्या."

साहेबांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पाहुण्यांना पुढे नेलं. मी तिथंच उभी राहिले आणि मग मला कळलं, मी काय करून बसले ते. स्वतःची नोकरी पणाला लावायचा मला हक्क होता. पण मी त्या मुलीचीही लावली होती, तिला न विचारता. मिळत होती ती नोकरी तिच्या हातातून गेली तर तिच्या बापाला काय तोंड दाखवणार होते?

तो संध्याकाळी गेटाबाहेर थांबला होता. बातमी पोचली होतीच. मी नजर चुकवून आकुर्डीच्या रस्त्याला वळणार, तेवढ्यात तो आडवा आला.

"बाई, तुमी सायबाला काय म्हनलात ते कळलं."

"चुकलं माझं, भाऊ. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"बाग बघायला न्हाई शिकवली मी तिला," तो म्हणाला. "न्हाई घेतलं तर ऱ्हायलं."

'ऱ्हायलं' म्हणणं त्याला किती जड गेलं ते मला दिसत होतं. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. साहेब समोरून गेले तरी माझ्याकडे बघायचे नाहीत.

पावसाळा निम्मा सरल्यावर साहेबांनी प्रयोगशाळेच्या जागेसाठी तिच्या अर्जावर सही केली, का ते मला कधीच कळलं नाही, आणि ती मुलगी आली. पांढरा कोट घालून माझ्या शेजारच्या टेबलाशी उभी राहिली आणि मी दाखवलं तसं बॉयलरचं पाणी मोजून नळीत घेतलं. एक थेंब सांडला नाही. जेवणाची सुट्टी झाली तरी ती टेबलापासून हलेना, म्हणून मी मान वर केली. खिडकीबाहेर तिचा बाप उभा होता, हातात डबा तसाच, आणि आपल्या लेकीला काम करताना बघत होता.